वाचकांचं गॅरेज : जेट मोठा केला, तरी फटाके का?

गणपतीला मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या परत गेल्या की आमच्याकडच्या पोरांच्या अंगात येतं. कुणाच्या तरी चुलतभावाच्या गाडीला गोल जाळीदार (पॉड) फिल्टर आणि आखूड, मोकळा (फ्री-फ्लो) सायलेन्सर दिसलेला असतो, मग तो आपल्यालाही हवा. या महिन्यातली बरीचशी पत्रं त्याच दुखण्याची आहेत, आणि सगळी जेटपाशी येऊन थांबतात. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं बूच. एकाला सविस्तर लिहितो, बाकीच्यांनी त्यातलं आपापलं उचलावं.

काका, माझी २०१६ ची क्लासिक ३५० आहे. कोल्हापुरात एका दुकानात पॉड फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर बसवून घेतला. त्यांनी मेन जेटही दोन नंबर मोठा टाकला. रंकाळ्यापर्यंत चक्कर मारली तेव्हा गाडी मस्त होती. पण फोंडा घाट उतरताना मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजायला लागले. हायवेला ५५-६० वर धरली की गाडी गचके खाते. थांबल्यावर रेस लगेच खाली येत नाही. इंजिनातून निघणारा बेंड पाईप निळा पडलाय. ॲव्हरेज मात्र थोडं वाढलंय, आणि पूर्ण मूठ पिळली की काहीच तक्रार नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो, अजून मोठा मेन जेट टाकू. टाकू का?
— एक वाचक, कणकवली

नको. तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे: पूर्ण मूठ पिळली की तक्रार नाही. मेन जेटचं राज्य सुरू होतं ते मूठ साधारण पाऊण उघडल्यावर. तिथे गाडी ठीक आहे म्हणतोस, मग ज्याच्याबद्दल तक्रार नाही त्यालाच का बदलायचं?

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. मूठ बंद असल्यापासून ते पावपर्यंत काम करतो तो स्लो जेट, म्हणजे ज्याला पायलट जेट म्हणतात तो, आणि त्याच्या जोडीला मिश्रणाचा स्क्रू. पाव ते पाऊण या पट्ट्यात सुईचं चालतं. स्लाइडखाली, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या तुकड्याखाली, लोंबणारी ती निमुळती पिन जितकी वर उचलली जाईल तितकं जास्त पेट्रोल. त्यापुढे मेन जेट. या हद्दी सातबाऱ्यावरच्या हद्दीसारख्याच आहेत, एकमेकांत घुसलेल्या. पण दुखणं कुठल्या तुकड्यात आहे ते ओळखायला पुरतात. तुझ्या क्लासिकला व्हॅक्यूम कार्बोरेटर आहे, म्हणजे मुठीची तार फक्त बटरफ्लाय (हवेची झडप) उघडते आणि स्लाइड इंजिनच्या ओढीने स्वतःच उठते. तरी ढोबळ हिशोब हाच.

आता ६० च्या वेगाला तुझी मूठ किती उघडी असते? अंदाजाने सांगू नकोस. मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या टेपचा एकेक तुकडा लाव, बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कर आणि कणकवली ते कुडाळ चालवून बघ. पावच्या आसपासच निघेल. घाट उतरताना तर मूठ बंदच. रेस खाली यायला वेळ लागतो तेव्हाही बंदच. तुझ्या तिन्ही तक्रारी स्लो जेटच्या आणि सुईच्या मुलखातल्या आहेत. दुकानदाराने जेट बदलला तो भलताच.

हे फक्त तुझ्या बाबतीत होत नाही. जेट मोठा करा म्हटलं की सगळे मेन जेटच मोठा करतात, कारण तो कार्बोरेटरची खालची वाटी उघडली की समोर दिसतो आणि दुकानात मिळतो. पण कोकणात पूर्ण मूठ पिळून मिनिटभर चालवायला रस्ता आहे कुठे? वळण आलं, एसटी आली, म्हैस आली. आपली गाडी जन्मभर पाव मुठीत चालते. जेट करायचा तर आधी तिथला करावा.

गाडी लीन का झाली, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी का झालं, ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही विकलं तर विचार करशील. मूळ फिल्टरच्या डब्यातून हवा ओढताना इंजिनला थोडा जोर लागतो. त्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडात दाब कमी पडतो, आणि पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत मात्र बाहेरचाच दाब असतो. या फरकानेच पेट्रोल जेटमधून वर चढतं. पॉड फिल्टर लावलास, हवेला अडथळा कमी झाला, म्हणजे पेट्रोल ओढणारा जोरही कमी झाला. हवा वाढली आणि पेट्रोल मागे राहिलं. वर सायलेन्सर मोकळा, म्हणजे हवेचा प्रवास आणखी सोपा.

त्यात दोन गोष्टींची भर पडली, त्या दुकानदाराच्या हातातल्या नव्हत्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. तिथली हवा आपल्याकडच्या हवेपेक्षा पाचेक टक्क्यांनी विरळ. जाड हवेत आला की तोच कार्बोरेटर थोडा लीन होतो. पाच टक्के हवेचा मिश्रणावर परिणाम त्याच्या निम्मा, अडीचेक टक्के. एवढ्याने चांगली जुळवलेली गाडी बिघडत नाही. पण तुझी तिथेच काठावर होती, घाट उतरून खाली आल्यावर काठावरून घसरली. रंकाळ्याच्या चकरेत हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट पंपावरची. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ ग्रॅम. मिसळून हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बघून घेतो. तुझ्या कार्बोरेटरला पंपावर काय भरलं ते कळत नाही, तो जुन्याच मापाने ओततो. २०१६ च्या गाडीचे जेट आजच्या पेट्रोलला मुळातच कंजूष आहेत, फिल्टर बदलला नसतास तरी. ॲव्हरेज वाढलं म्हणून खूश झालास ना? गाडी उपाशी चालतेय, म्हणून वाढलं.

आता करायचं काय. पाना उचलण्याआधी गळती बघ. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर आपल्या दमट, खाऱ्या हवेत तडकतं. तडकलेल्या रबरातून घुसलेली हवा कुठल्याच जेटने भरून निघत नाही, आणि लक्षणं हुबेहूब तुझीच: रेस लटकते, गाडी गचके खाते. इंजिन चालू ठेवून त्या रबरावर साबणाचं पाणी मार. रेस बदलली तर भेग आहे. गरम बेंड पाईपजवळ पेट्रोल किंवा स्प्रे मारून हे बघू नको, पूर्वी एका गॅरेजात त्यापायी भुवया गेलेल्या मी पाहिल्यात. नंतर हेडला बेंड पाईप जोडतो तिथली गास्केट. नवा सायलेन्सर बसवताना जुनीच गास्केट परत घातलेली असते, तिथून हवा आत जाते आणि मूठ सोडली की फटाके. शेवटी कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून स्लाइड उचलणारा काळा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, हातात घे आणि टॉर्चसमोर धर. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तरी स्लाइड नीट उठत नाही.

गळती नसेल तर चोकची परीक्षा. ५५ वर स्थिर चालव आणि चोक थोडासा ओढ. गाडी सुधारली, गचके थांबले, तर मिश्रण लीन आहे हे नक्की. आणखी बिघडली तर उलट. जेट विकत घ्यायच्या आधीची ही फुकट परीक्षा, आणि गंमत म्हणजे कुणी करत नाही.

मग स्क्रू. तुझ्या व्हॅक्यूम कार्बोरेटरचा मिश्रण-स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे. तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवेचा असतो, तो बाहेर काढला की पेट्रोल कमी होतं. गावातला मेकॅनिक जुन्या बुलेटवर शिकला असेल तर हात उलट फिरेल, म्हणून आधी विचार. इंजिन पुरतं गरम कर, स्क्रू हळू आत बसव, दीड फेरे बाहेर काढ आणि पाव-पाव फेऱ्याने जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते तिथे ठेव. अडीच-तीन फेरे काढूनही गाडी मागतच असेल तर स्लो जेट लहान पडतोय, एक नंबर मोठा घे. मिकुनी पद्धतीच्या जेटमध्ये एक नंबर म्हणजे २.५ ची उडी. एकाच वेळी दोन उड्या नको.

पाव ते अर्ध्या मुठीतले गचके राहिले तर सुई उचल. जुन्या गाड्यांच्या सुईला क्लिपच्या खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. बऱ्याच व्हॅक्यूम कार्बोरेटरच्या सुईला एकच खाच असते. तिथे क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरची बारीक वॉशर सरकवायची. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, रस्त्यावर लगेच जाणवतो. एका वॉशरने बघ, नंतर दुसरी.

मेन जेट तपासायचा, पण शेवटी. पाव मुठीत लीन गाडी चालवणाऱ्याला छळते, पूर्ण मुठीत लीन गाडी इंजिनाला खाते, म्हणून तो विषय सोडूनही चालत नाही. नवा प्लग लाव, मागे-पुढे कुणी नसताना एखाद्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद पूर्ण मूठ धर, मग क्लच दाबून लगेच किल स्विच मार. गाडी बाजूला घे, प्लग काढ. आतलं पांढरं सिरॅमिक खोलवर, मुळाशी, फिक्या चहाच्या रंगाचं दिसलं की बरोबर. खडूसारखं कोरं असेल तर लीन. काळी काजळी असेल तर जास्त. इथेनॉलच्या पेट्रोलवर रंग फिका येतो, हे लक्षात ठेव, नाहीतर विनाकारण जेट वाढवत बसशील.

निळ्या पाईपची चिंता सोड. कंपनीचा बेंड पाईप बहुधा दुपदरी असतो, बाजारातला एकेरी पातळ पत्रा. तो मिश्रण बरोबर असतानाही निळा पडतो. त्यावरून निदान करू नये. फटाक्यांचंही थोडं तसंच. तुझ्या गाडीला एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी नळी आहे, धूर स्वच्छ व्हावा म्हणून दिलेली. मोकळ्या सायलेन्सरमध्ये तिच्यामुळे हलकी पटपट राहतेच. कुणी ती बुजवायला सांगेल, बुजवू नको.

आणि पॉड फिल्टर काढ. कंपनीचा डबा परत बसव, सायलेन्सर ठेवायचा तर ठेव. व्हॅक्यूम स्लाइडला शांत हवा लागते. डब्यात हवा साठून एकसारखी येते, उघड्या पॉडसमोर ती भोवरे घेत येते आणि स्लाइड थरथरते. मधल्या मुठीत पडलेला खड्डा मग कितीही जेट बदलले तरी नीट बुजत नाही. वर आपला पाऊस. जुलैत समोरच्या ट्रकने उडवलेलं पाणी थेट त्या जाळीवर, जाळी भिजली की हवा बंद, गाडी रस्त्यात. डबा परत लावलास तर स्लो जेट एक नंबर, एखादी वॉशर आणि स्क्रूचा अर्धा फेरा एवढ्यात काम होण्याची शक्यता जास्त. मेन जेटही मग त्या दुकानातल्यापेक्षा एक नंबर खाली येईल.

मी रोज चिरेखाणीवर स्प्लेंडरने जातो. पिकअप यावा म्हणून फिल्टरचं झाकण काढून ठेवलं होतं. गाडी अडखळायला लागली तेव्हा ओळखीच्या माणसाने मेन जेटचं भोक बारीक ड्रिलने मोठं करून दिलं. आता काळा धूर येतो.
— राजापूर

जेटला ड्रिल लावणं हा आपल्याकडचा जुना रोग. समजा भोक १ मिलिमीटरचं आहे आणि ते ०.१ ने वाढलं. डोळ्याला दिसणार नाही, पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. कंपनीच्या लागोपाठच्या दोन नंबरांत क्षेत्रफळाचा जेमतेम पाचेक टक्क्यांचा फरक असतो, तुमचा माणूस एका झटक्यात कित्येक नंबर पुढे गेला. शिवाय भोकाची कड खरबरीत झाली, त्यामुळे आता तो जेट कुठल्याच नंबरचा उरला नाही. फेकून द्या, मूळ नंबरचा नवा घ्या. किंमत किरकोळ असते.

खरी चिंता झाकणाची. जांभ्याची लाल धूळ फिल्टरला वळसा घालून आत गेली की सिलिंडर आणि रिंग घासते. पेट्रोलचा काळा धूर जेट बदलला की जाईल, रिंग गेल्याचा निळा धूर बोअर केल्याशिवाय जात नाही. झाकण आजच लावा. खाणीवर जाणाऱ्यांनी फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न बघता त्याच्या निम्म्यात बदलावा.

आरएक्स १०० ला एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) बसवला. कुंभार्ली घाट चढताना गाडी उडते, पण उतरताना एकदा जाम झाली, थंड झाल्यावर सुटली. मेन जेट मोठाच आहे.
— चिपळूण

घाट उतरताना मूठ बंद असते, तिथे मेन जेटचा काय संबंध? आरएक्सचा ऑइल पंप रेस आणि मूठ दोन्ही बघून तेल सोडतो. बंद मुठीने, गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरवत लांब उतार उतरलात की रेस मोठी आणि तेल थोडं. उतारावर मधूनमधून क्लच दाबून मूठ उघडत जा, म्हणजे ताजं पेट्रोल आणि तेल दोन्ही आत जाईल. पंपाच्या तारेची खूण जुळते का तेही बघून घ्या, चेंबर बसवताना ती हलते. एकदा जाम झालेला पिस्टन काढून बघितल्याशिवाय पुन्हा चेंबरच्या मस्तीत चालवू नका. टू-स्ट्रोकचं जेटिंग नेहमी मोठ्या जेटपासून सुरू करून एकेक नंबर खाली यायचं, उलट्या दिशेने गेलात तर चूक कळते ती पिस्टनला.

माझा मुलगा म्हणतो, सायलेन्सरमधला डीबी किलर काढला की पॉवर वाढते. शेजारी रोज बोलतात. खरंच वाढते का?
— एक आई, सावंतवाडी

ताई, आवाज वाढतो, हे नक्की. लहान एका सिलिंडरच्या गाडीत आतली नळी काढली आणि बाकी काही जुळवलं नाही, तर खालच्या रेसमधली ताकद बहुतेक वेळा कमीच होते. आवाजामुळे पोराला वाटतं गाडी पळतेय. त्याला सांगा, भरल्या गाडीने आंबोलीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये नळीसकट एकदा आणि नळी काढून एकदा चढून बघ. त्याने ऐकलं नाही तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचं आणि धुराचं प्रमाण मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पैसे कोण भरणार ते आधीच ठरवून टाका.

२०२२ ची एफआय गाडी आहे. स्लिप-ऑन सायलेन्सर लावला, कुठल्या नंबरचा जेट टाकू?
— अलिबाग

गाडीत जेट नाही. जेट टाकून देतो म्हणणारा भेटला तर गाडी तिथून काढा. फक्त मागचा सायलेन्सर बदलला असेल, फिल्टर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असेल, तर बहुतेक गाड्यांत काहीच करावं लागत नाही. बेंड पाईपवरचा ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवलेला नाही ना, एवढं मात्र वाकून बघा.

काका, कार्बोरेटर बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवला. जुन्याला ११० चा मेन जेट होता, म्हणून नव्यालाही ११० चाच घेतला. गाडी घुसमटते.
— गुहागर

केइहिनचा ११० म्हणजे भोक १.१० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा नंबर भोकाचा नसतो, त्यातून ठरलेल्या वेळात किती द्रव वाहतं त्याचा असतो. एकाच्या नंबरवरून दुसऱ्याचा जेट मागितला तर असंच होणार. नव्या कार्बोरेटरसोबत जो जेट आला होता तोच आधी परत बसवा आणि वर कणकवलीच्या मुलाला सांगितलेली चोकची परीक्षा तुम्हीही करा. दुकानात जाताना नंबर पाठ करून जाऊ नका, जेट काढून खिशात घालून न्या.